दोष आढळला नाही

सकाळपासून सहा ग्लास पाणी प्यायलेय
आणि आता जायचं नाही, धरून ठेवायचं.
कंपूतल्या सोनोग्राफीच्या बाकावर
आम्ही सात बायका, सात काठोकाठ घागरी,
कुणी काही गमतीचं बोललं तर
हसायचीसुद्धा भीती.

हातातल्या कागदावर छापलंय, दर्द : हाँ / नहीं.
हाँवर खूण केली.
पण माझ्याकडे तर घोळकाच होता :
पहिल्या दिवशीची कळ,
दुसऱ्या दिवशीचा ठणका,
जिना उतरताना उजव्या बाजूला चमक,
आणि मधल्या दिवसांतली ती ओढ,
कुणी आतून पदर धरून बसल्यासारखी.
नवऱ्याजवळ गेल्यावर जे होतं
त्याला आमच्या घरात शब्दच नव्हता.

आई म्हणायची, पोट दुखतंय म्हणावं, बस्स,
त्यात सगळं येतं.
आलंही.
ओवा आला, बेंबीत हिंग आला,
रबरी पिशवी आली, तिचं बूच गळकं.
आत्याचं ‘लग्न झालं की थांबेल’ आलं,
सासूबाईंचं ‘मूल झालं की थांबेल’.
मुलगा आता सहावीत आहे.
परवा शिंद्यांच्या विमलमावशी म्हणाल्या,
पाळी गेली की थांबेल गं.
मी छत्तीसची. बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला :
चौदा वर्षं, बारा महिने, दर महिन्याला तीन दिवस.
पाचशेच्या वर गेलं. पुढे मांडला नाही.

मी बिजली कंपनीत असते, तक्रारीच्या खिडकीवर.
अंधार जनकगंजात होतो
आणि जम्पर तुटलेला असतो पार तारागंजला,
हे मला ठाऊक आहे.
म्हणून कंबर दुखते म्हटल्यावर
निगम मॅडमनी कंबरेकडे पाहिलंच नाही
याचं नवल वाटलं नाही.
त्यांनी विचारलं, लघवीला जळजळ?
पोट साफ होतं? ताप? अंगावरून पांढरं?
सिझेरियन कोणत्या साली?
मग चिठ्ठीच्या मागे एक चित्र काढलं,
मीटरची पेटी आणि दोन बाजूंना दोन वायरी.
गाठ असेल, म्हणाल्या.
अंडाशयावर पाण्याची पिशवी असेल.
अंगावर काढलेलं जुनं इन्फेक्शन,
टाक्यांनंतर आत काही चिकटलं असेल,
नाहीतर गर्भाशयाचं अस्तर
नको त्या जागी उगवलंय
आणि दर महिन्याला तिथेही पाळी पाळतंय.
आतडीही असू शकतात. मूत्राशयही. नुसते आखडलेले स्नायूही.
दोन दोन कारणं एकत्रही नांदतात.
पेनाचं टोपण लावता लावता म्हणाल्या,
और सोनोग्राफी में कुछ न दिखे
तो ये मत समझना कि कुछ है नहीं.

एवढं एकच वाक्य मी
घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलंय.

शेजारी डबऱ्याची एक पोर, सतराची असेल,
गुडघे पोटाशी घेऊन.
परवा वर्गात चक्कर येऊन पडली.
तिची आई मलाच विचारते,
सबको होता है ना, दीदी?
होतं, म्हणाले. पण पडत नाही सगळ्या.
आणि मग वाटलं, पडत असतील.
आमच्या वर्गातली शकू दर महिन्याला
दोन दिवस ‘गावाला’ जायची.
गाव कोणतं, कुणी विचारलं नाही.

आमच्या रजिस्टरात शेवटचा रकाना असतो.
लाइनमन तिथे लिहून आणतो :
दोष आढळला नाही.
घरात दिवा नसतो, फ्रिजमधलं दूध नासलेलं असतं,
आणि कागदावर दोष आढळलेला नसतो.
बऱ्याचदा तो खांबावर चढलेलाच नसतो,
चपला बघून कळतं.
अशी तक्रार मी बंद करत नाही.
तोच नंबर, लाल शाई, पुन्हा पाठवते.

कुंदा मोहिते कौन?

उठते. हळू, हिंदकळू न देता.
पोरीच्या आईला म्हणते, जागा धरा माझी,
आत सगळं नॉर्मल निघालं
तर मी परत इथेच येऊन बसणार आहे.
पर्स चाचपून पाहते.
लाल पेन आहे.